जुनी ऑडी टीटी कूपे खानदेशात सांभाळायची तर: इंजिन, गिअरबॉक्स, ऊन आणि कागदपत्रं

तापीकाठ_१९
नमस्कार मंडळी. दुसऱ्या पिढीतली ऑडी टीटी कूपे, म्हणजे ८जे, वापरलेली घ्यायचा विचार आहे. समोर दोन पर्याय आहेत. एक २००८ ची टू लिटर टीएफएसआय (टर्बो पेट्रोल), पुणे पासिंग. दुसरी २०११ ची टू लिटर क्वाट्रो, म्हणजे चारही चाकं ओढणारी, दिल्ली पासिंग, आणि ती बरीच स्वस्त मिळतेय. गाडी जळगावात राहणार. रोजची नाही, रविवारची. अधिकृत सर्व्हिससाठी खानदेशाबाहेर जावं लागणार हे माहीत आहे. गाडी बघताना काय तपासायचं, घेतल्यावर लगेच काय बदलायचं आणि आपल्याकडच्या उन्हात काय बिघडतं, एवढं सविस्तर सांगा. "दुसरी गाडी घ्या" हे उत्तर घरच्यांनी आधीच दिलंय.

स्पॅनर_धुळे
दोन्ही टू लिटरच असल्या तरी इंजिनं वेगळी आहेत, सुरुवात तिथून करा. २००८ ची बहुधा ईए११३ असेल, कोड बीडब्ल्यूए, २०० एचपी, टायमिंग बेल्टवाली. २०११ ची ईए८८८, कोड सीईएसए, २११ एचपी, ३५० एनएम टॉर्क, टायमिंग चेनवाली. विक्रेत्याच्या तोंडावर जाऊ नका. सर्व्हिस बुकात आणि डिकीतल्या चाकाच्या खळग्यात स्टिकर असतो, त्यावर इंजिन कोड छापलेला असतो.

बेल्टवाल्याचं पहिलं दुखणं कॅम फॉलोअर. हाय प्रेशर फ्युएल पंप इनटेक कॅमशाफ्टवरच्या लोबने (उंचवट्याने) दाबला जातो आणि दोघांच्या मध्ये एक छोटी पोलादी टोपी असते, तोच फॉलोअर. वरचा काळा कडक थर झिजला की मधोमध चंदेरी गोल दिसायला लागतो. पुढे तिला भोक पडतं, मग पंपाचा दांडा थेट लोबवर घासतो आणि कॅमशाफ्ट व पंप दोन्ही बाद. टोपी काही हजारांची, कॅमशाफ्टचं काम लाखाच्या घरात जातं.

तपासायची पद्धत: इंजिन पूर्ण थंड हवं. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. ही पायरी गाळू नका, चालू इंजिनात त्या लाइनमध्ये शंभर बारच्या आसपास दाब असतो. लाइनी सोडवायच्या, मग पंपाचे तीन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे ढिले करायचे. आत स्प्रिंग आहे, एकच बोल्ट आधी पूर्ण काढला तर पंप तिरका होऊन अडकतो. फॉलोअर बोटाने किंवा चुंबकाने बाहेर येतो. काळा थर अखंड असेल तर परत बसवा, चंदेरी गोल दिसला तर नवा घाला. दर १५ ते २० हजार किमीला हे बघत जा. जुन्या मालकाला "फॉलोअर कधी बदलला?" विचारा. प्रश्नच कळला नाही तर कधीच बदललेला नाही.

टायमिंग बेल्टचा छापील आकडा मोठा आहे, पण आपल्या हवेत आणि गाडीच्या या वयात किलोमीटर बघत बसू नका. पाच-सहा वर्षं झाली असतील किंवा बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप एकत्र बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे मजुरी एकदाच पडते.

भरीत_पार्टी
भाऊ, गाडी भलती देखनी शे. पन मे महिनामा एसी टिकस का नै ते सांगा पहिले.

चेन_की_बेल्ट
एसीवर कुणीतरी बोलेलच. मी २०११ वालीचं सांगतो.

ईए८८८ च्या त्या पिढीचा वीक पॉइंट चेन टेन्शनर. तो इंजिन ऑइलच्या दाबावर चेन ताणून धरतो. इंजिन बंद झाल्यावर दाब नसतो, तेव्हा आतला दात-पट्टीचा अडसर चेन धरून ठेवतो. जुन्या डिझाइनमध्ये तो अडसर तुटतो किंवा सुटतो, चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून हे इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत असेल तर गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवून, इंजिन उलटं फिरेल अशी कधी उभी करू नका, हँडब्रेक आधी ओढा.

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट मारताना बॉनेट उघडं ठेवून कान द्या. चेनच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखडाट आला तर बोलणी तिथेच थांबवा, नाहीतर कामाचा खर्च किमतीतून वजा करा. विक्रेत्याने तुम्ही यायच्या आधी गाडी गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. खालच्या टायमिंग कव्हरला रबरी बूच आहे. ते काढून टॉर्च मारला की टेन्शनर जुना की सुधारित आणि किती दात बाहेर आलाय ते दिसतं. दात जितके जास्त बाहेर तितकी चेन लांबलेली.

दुसरं म्हणजे हे इंजिन तेल पितं. पिस्टनच्या ऑइल रिंग बारीक, तेल परत जायची भोकं छोटी, ती कार्बनने बुजतात. डिपस्टिकवर दर हजार किमीला नजर हवीच. तेल ५डब्ल्यू-४०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० लिहिलेलं, फिल्टरसकट साधारण ४.६ लिटर. कंपनीचा लांब पल्ल्याचा इंटरव्हल विसरा. ७,५०० किमी किंवा वर्ष, जे आधी होईल ते.

दोन्ही इंजिनांना लागू: पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यावर काजळीचे थर चढतात. थंड असताना आयडलिंग थरथरतं, मिसफायर येतो. बाटलीतलं क्लीनर टाकीत ओतून काही होत नाही, कारण ते तिथपर्यंत पोचतच नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याने ब्लास्टिंग करावं लागतं. पुण्या-मुंबईत सोय आहे.

स्पॅनर_धुळे
बरोबर. फक्त मिसफायर आला की लगेच काजळीवर जाऊ नका. आधी इग्निशन कॉइलची जागा बदलून बघा. एक नंबरची कॉइल तीनवर टाकली आणि स्कॅनरवरचा बिघाडाचा कोडही तीनवर गेला, तर कॉइलच खराब. फुकटातली तपासणी आहे.

डीएसजी_वाला
गिअरबॉक्सवर अजून कुणी बोललं नाही, आणि घाबरवणारे बरेच येतील. टीटीत डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे: सहा गिअरचा डीक्यू२५०, ओल्या म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचचा. ज्याच्या नावाने लोक बोटं मोडतात तो सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीक्यू२००, तो या गाडीत नाही. डीक्यू२५० तेल वेळेवर बदललं तर भरपूर चालतो. आपल्या भागात फायदा असा, की हाच गिअरबॉक्स फोक्सवॅगन जेट्टा आणि स्कोडा लॉराच्या टू लिटर डिझेल ऑटोमॅटिकमध्ये होता. त्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री शोधा, बॉनेटवर कुठलं चिन्ह आहे त्याला महत्त्व नाही.

तेल दर ६०,००० किमीला. आपल्याकडे ५०,००० म्हणा. स्पेसिफिकेशन जी ०५२ १८२, निचऱ्यानंतर साधारण सव्वापाच लिटर लागतं, सहा लिटर घेऊन बसा. क्रम असा:

गाडी लिफ्टवर पूर्ण समतल. वरून बॅटरी-एअरबॉक्स बाजूला घेऊन फिल्टरची टोपी उघडा, फिल्टर आणि ओ-रिंग नवी. खालून १४ मिमी हेक्स चावीने ड्रेन प्लग काढा, थोडंच तेल येईल. घाबरू नका, आत प्लास्टिकची उभी नळी आहे. ती ८ मिमी हेक्सने काढली की खरा निचरा होतो. नळी परत लावताना फक्त ३ एनएम, जोर लावला तर तुटते. मग त्याच भोकातून अडॅप्टरने तेल वर चढवा, गाडी सुरू करा, ब्रेक दाबून पी-आर-एन-डी-एस प्रत्येकात दोन-तीन सेकंद थांबा आणि परत पी.

आता खरी गोम. लेव्हल इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असतानाच बघायची. स्कॅनरवर तापमान दिसतं. त्या वेळी जास्तीचं तेल नळीवरून वाहून जातं, धार तुटून थेंब पडायला लागले की प्लग नव्या वॉशरसह ४५ एनएमला बंद. जळगाव-भुसावळात मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीचं तेल इंजिन सुरू करायच्या आधीच चाळिशी ओलांडून बसलेलं असतं. अडॅप्टर सोडून प्लगपर्यंत हात जाईपर्यंत ते ५० वर जातं. गरम तेल फुगलेलं, नळीवरून जास्त वाहून जातं, मिस्त्रीला वाटतं लेव्हल बरोबर झाली, आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्समध्ये तेल कमी. मग दोन-तीन महिन्यांनी "डीएसजी झटके देतो" म्हणून ओरड. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर करा. उन्हाळ्यात करणं भागच असेल तर पहाटे सहाला गॅरेज उघडायला लावा.

शेवटी स्कॅनरवर बेसिक सेटिंग, म्हणजे क्लचची नव्याने जुळवणी. ती न करता गाडी देणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका.

तापीकाठ_१९
डीएसजी_वाला दादा, जबरदस्त. टेस्ट ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्स कसा ओळखायचा?

डीएसजी_वाला
डी मध्ये ब्रेक सोडल्यावर ॲक्सिलरेटर न देता गाडी एकसारखी सरकली पाहिजे, आर मध्येही तसंच. हळू होत थांबताना दोनवरून एकवर येताना मागून ढुश्शी बसली तर मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं नियंत्रण युनिट) किंवा क्लच अडॅप्टेशनचा (क्लचच्या जुळवणीचा) संशय. डॅशबोर्डवर पीआरएनडीएस अक्षरं लुकलुकली तर गाडी तिथेच ठेवून या. आणि हे सगळं किमान अर्धा तास चालवून, ट्रॅफिकमध्ये गरम झाल्यावर परत बघा. थंड गिअरबॉक्स सगळेच चांगले चालतात.

रुईचा_गोळा
एसीचा प्रश्न वर राहिला होता.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी जिनिंग चालू असतं, रस्त्यावर कापसाच्या गाड्या, हवेत रुईचे तंतू. टीटीचं तोंड जमिनीलगत, ते सगळं आत ओढलं जातं. कंडेन्सर, इंटरकूलर, रेडिएटर एकामागे एक. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागच्या फटीत नमद्यासारखा थर बसलेला असतो. मार्च संपला की एसी थंड करेना, तापमानाची सुई वर, ताकद कमी. गॅस भरणाऱ्याकडे जायच्या आधी बंपर काढून हे साफ करा. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या नळीने मारायचं. प्रेशर वॉशरने ॲल्युमिनियमचे पंख आडवे होतात, मग हवाच जात नाही. वर्षातून एकदा, होळीच्या आसपास.

गॅस वजनावरच भरायचा, बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले आहेत. या गाडीच्या कॉम्प्रेसरला आपल्या साध्या गाड्यांसारखा मॅग्नेटिक क्लच नाही, तो कायम फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो. त्यामुळे "टक आवाज येत नाही, कॉम्प्रेसर गेला" म्हणणाऱ्या एसीवाल्यापासून गाडी सोडवून आणा. बऱ्याचदा नुसता कंट्रोल व्हॉल्व्ह गेलेला असतो.

कूलंट गुलाबी-जांभळं जी१२++ किंवा जी१३, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते घरच्या बादलीवरून कळतंच, ते या इंजिनात नको. ईए८८८ चं वॉटर पंप-थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं, उष्णतेने वाकडं होतं आणि गळतं. टाकीतली पातळी हळूहळू उतरत असेल, खाली डाग मात्र नसेल, तर आधी तिथे बघा.

भरीत_पार्टी
म्हंजे एसी टिकस. चाली जाई.

पत्रा_पॉलिश
गाडी बघायला चुंबक घेऊन जाणारे खूप असतात, त्यांच्यासाठी. ८जे ची बॉडी मिश्र आहे. बॉनेट, फेंडर, बाजू, छत ॲल्युमिनियमचं. दरवाजे, डिकीचं झाकण आणि मागचा तळ पोलादी. बॉनेटवर चुंबक चिकटला नाही म्हणजे पुट्टी भरली असं नाही, तो चिकटणारच नाही. ॲल्युमिनियमही मोजणारं पेंट थिकनेस मीटर घ्या, स्वस्तातले काही फक्त लोखंडावर चालतात. १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास म्हणजे कंपनीचा रंग, ३०० म्हणजे परत रंगवलेली, हजाराच्या पुढे म्हणजे खाली पुट्टी.

आणि घेतल्यानंतर फेंडर ठोकला तर नेहमीच्या डेंटिंगवाल्याकडे नेऊ नका. लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंग डिस्क ॲल्युमिनियमवर फिरवली की लोखंडाचे कण रुततात आणि वर्षभरात रंगाखाली फोड येतात. ॲल्युमिनियम गरम केल्यावर रंग बदलून इशाराही देत नाही, सरळ वितळतं. त्यासाठी वेगळी अवजारं असलेलंच वर्कशॉप हवं, ते बाहेरगावी असलं तरी चालेल.

दरवाजांना काचेची चौकट नाही. हँडल ओढलं की काच सेंटीमीटरभर खाली यायला हवी. येत नसेल तर लॉकमधला मायक्रोस्विच किंवा कमजोर बॅटरी. बॅटरी बदलल्यावर काच पूर्ण वर नेऊन स्विच क्षणभर धरून ठेवायचा, सेटिंग परत येतं. काचेच्या रबराला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीस लावा. आपल्या उन्हात रबर कडक होतं आणि मग धूळ-पाणी आत. मागचा स्पॉयलर १२० ला वर येतो, ८० च्या खाली बसतो. आतल्या बटणाने उभ्या गाडीत वर-खाली करून बघा. खाचेत माती बसून अडकलेले बरेच असतात.

सातपुडा_रोड
आता दिल्लीवालीबद्दल. स्वस्त का आहे ते उघड आहे, तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत आणि २०११ ची गाडी त्या उंबरठ्यावर आहे. पैसे द्यायच्या आधी फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला) जळगाव आरटीओच्या नावाने मिळते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. "नंतर काढून देतो" चालणार नाही. मग फॉर्म २९ आणि ३०, महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार, आणि नवा एमएच-१९ नंबर.

दोन्ही गाड्यांना लागणारा खर्च म्हणजे आरसीचं नूतनीकरण. पंधरा वर्षं झाली की फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज, गाडी आरटीओत दाखवायची, मग पाच वर्षं. एप्रिल २०२२ पासून साध्या कारला फी ५,००० रुपये, पण आयात कारला ४०,०००. टीटी पूर्ण तयार होऊन बाहेरून आलेली, म्हणून ४०,००० धरा. २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेने हेच आकडे १०,००० आणि ८०,००० झाले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. २००८ वालीचं नूतनीकरण झालंय का, हे आरसीवर बघा. झालं नसेल तर ४०,००० आणि उशिराचा दंड किमतीतून कापा.

तापीकाठ_१९
ताई, हे डोक्यातच नव्हतं. पुण्याच्या गाडीची आरसी मागवतो. पेट्रोल कुठलं? ई२० चं काय?

चेन_की_बेल्ट
इंजिनला ९५ ऑक्टेन हवं. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं साधं पेट्रोल, आता ९५ चंच येतं, त्यामुळे ऑक्टेनची अडचण नाही. अडचण इथेनॉलची. २०२३ च्या आधीच्या गाड्या ई२० धरून बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि रविवारची गाडी पावसाळ्यात महिना-महिना उभी राहिली की ते टाकीत साचतं. म्हणून उभी ठेवायची तर टाकी भरलेली, आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा पूर्ण गरम होईपर्यंत चालवलेली. नुसती जागेवर पाच मिनिटं घरघर करणं सगळ्यात वाईट, एक्झॉस्टमध्ये पाणी आणि तेलात पेट्रोल. फ्युएल होज दर सर्व्हिसला बोटाने दाबून बघा, चिकट किंवा भेगाळलेली असेल तर बदला. मायलेज थोडं पडणारच.

डीएसजी_वाला
२०११ वाली घेतली तर क्वाट्रोचं विसरू नका. मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या हॅलडेक्स कपलिंगचं तेल वेगळं, डिफरन्शिअलचं वेगळं. हॅलडेक्सचं तीन वर्षांनी, फिल्टरसकट. न बदलल्यास क्लचच्या भुग्याने पंप गुदमरतो, मागची चाकं ओढणं सोडतात आणि डॅशबोर्ड गप्प बसतो. ओल्या मातीत हळूच ॲक्सिलरेटर दिल्यावर नुसती पुढचीच चाकं घसरली की समजायचं.

घाटमाथा_१८
चालवायचं कुठे, ते कुणीच बोललं नाही. गाडी शोकेससाठी नाही घेत ना?

कन्नड घाट नावाला भारी, पण गर्दीचा. चाळीसगावहून चढायचा तर पहाटेच. तोरणमाळला शहाद्याकडून चढताना सातपायरीची वळणं या गाडीला मनापासून शोभतात, पण पावसात रस्त्यावर दगड-माती असते, कमी उंचीच्या गाडीने ऑक्टोबरनंतर जा. जळगावहून जवळ म्हणजे फैजपूर-पाल. डिसेंबरात निघालात तर येताना भरीत-पुरीसाठी जागा ठेवा, मागच्या सीटवर तसंही माणूस बसत नाही. गावातला गतिरोधक तिरका घ्यायचा, एक चाक आधी. सरळ गेलात की पुढचा ओठ घासतोच.

टायर: १८ इंची चाकावर २४५/४० आर१८. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी मे महिन्यातल्या महामार्गावर नको. हवा थंड टायरमध्ये, सकाळी. दुपारी गरम टायरचं प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका, रात्री कमी भरते. व्हील बोल्ट १२० एनएमला, टॉर्क रेंचने. पंक्चरवाला इम्पॅक्ट गनने आवळतो आणि पुढच्या वेळी डिस्क थरथरते. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नाही, फक्त फोमचा किट. बाजूची भिंत फाटली तर फोम निकामी, म्हणून टोइंगवाल्याला फ्लॅटबेडच पाठवायला सांगा. क्वाट्रोची दोन चाकं वर उचलून कधीच ओढायची नाही.

पत्रा_पॉलिश
पार्टसाठी: बंपर, दिवे, काच महाग आणि वाट बघायला लावणारे. सस्पेन्शन, ब्रेक, सेन्सर यातलं बरंच लॉरा-जेट्टाशी जुळतं, पण नावावर नाही, पार्ट नंबर जुळवून घ्या. मुंबईला ऑपेरा हाऊस, दिल्लीला काश्मिरी गेट. मॅग्नेटिक राइडचे (विजेने कडक-मऊ होणारे) डॅम्पर असतील तर गळतायत का बघाच, ते साधे नाहीत आणि किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते.

तापीकाठ_१९
सगळ्यांचे आभार. पुणेवालीची आरसी आली: नूतनीकरण झालेलं आहे, २०२८ पर्यंत. बेल्टचं बिल २०१९ चं. फॉलोअरबद्दल विक्रेता म्हणतो "कंपनीतच सगळं होतं". दिल्लीवाला एनओसीवर लेखी द्यायला तयार नाही.

स्पॅनर_धुळे
मग दिल्ली सोडाच. पुणेवालीत बेल्टचा पूर्ण सेट, वॉटर पंप, फॉलोअर, डीएसजी तेल-फिल्टर आणि टायर एवढं धरून किंमत खाली आणा. फॉलोअर पुण्यातच, पैसे द्यायच्या आधी उघडून बघा, तासाभराचं काम आहे. भोक पडलेलं निघालं तर कॅमशाफ्टचा तो लोब टॉर्च लावून बघा. त्यावर नखाला लागेल अशी खाच असेल तर गाडी घेऊ नका.